कयाक उलटते तेव्हा...

नवी मुंबईच्या पश्चिमेला ठाणे खाडी आणि दक्षिणेला पनवेल खाडी आहे. दिवाळे, सारसोळे, वाशीगाव, दिवा या कोळीवाड्यांतील होड्यांना या पाण्याची पिढ्यानपिढ्यांची ओळख आहे. सिडकोच्या वसाहतींत वाढलेल्या नागरिकांना मात्र वाशीच्या पुलावरून दिसणारी खाडी बराच काळ केवळ दृश्य म्हणूनच ठाऊक होती. गेल्या काही वर्षांत हे चित्र पालटत आहे. शनिवार-रविवारी कोलाडला कुंडलिकेच्या प्रवाहात किंवा कोकणातील शांत खाड्यांमध्ये कयाक चालवून येणारे तरुण या शहरात आता दुर्मीळ नाहीत. मुंबईच्या कौस्तुभ खाडे यांनी २०१५ मध्ये मुंबई ते गोवा हे सागरी अंतर कयाकने पार केले. त्यानंतर या क्रीडाप्रकाराविषयीचे कुतूहल अधिकच वाढले.

मात्र कयाक चालविण्यास शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी वल्हे कसे मारावे हे शिकविले जाते. कयाक उलटल्यास काय करावे, हे अनेकदा शिकविले जात नाही. सोबत्याची कयाक उलटली तर त्याला कसे सावरावे, हा विषय तर बहुधा राहूनच जातो. वस्तुतः उलटणे हा या खेळातील अपघात नसून नित्याचा प्रसंग आहे. त्याचा अपघात होतो तो मदतीची रीत माहीत नसल्यामुळे.

कयाक उलटते का?

कयाक ही अरुंद, लांबट आणि हलकी होडी. तिची रुंदी साधारणतः दोन ते अडीच फूट असते. चालविणारा पाय पुढे पसरून जवळजवळ पाण्याच्या पातळीवर बसतो आणि दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याने तिला पुढे नेतो. तो कमरेपासून सैल राहून होडीला लाटेबरोबर हलू देतो तोवर समतोल टिकतो. घाबरून तो ताठ झाला, काठ पकडला अथवा एका बाजूला झुकला, की शरीराचा गुरुत्वमध्य होडीच्या आधारक्षेत्राबाहेर जातो आणि ती क्षणार्धात पालथी होते.

कयाकचे ढोबळ मानाने दोन प्रकार आहेत. खुल्या कयाकमध्ये बसण्याची जागा वरच्या पृष्ठभागावरच असते. ती उलटल्यास चालविणारा आपोआप पाण्यात पडून मोकळा होतो. बंदिस्त कयाकमध्ये कमरेखालचा भाग होडीच्या आत असतो आणि बैठकीच्या तोंडावर पाणी आत येऊ नये म्हणून जलरोधक झालर ताणलेली असते. अशी कयाक उलटली तर माणूस डोके खाली, पाय वर अशा अवस्थेत पाण्याखाली लटकतो. मदतीच्या ज्या पद्धती पुढे दिल्या आहेत, त्यांतील पहिल्या तीन प्रामुख्याने या दुसऱ्या प्रकारासाठी आहेत.

ग्रीनलंडचा वारसा

कयाकचा जन्म आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट लोकांत झाला. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ते ही होडी बनवीत आणि तिच्यातून सीलची शिकार करीत. तेथील पाणी इतके गार असते, की त्यात पडलेला माणूस थोड्याच वेळात हातपाय हलविण्याची शक्ती गमावतो. त्यामुळे होडीतून बाहेर पडणे हा पर्याय त्यांच्यापुढे जवळजवळ नव्हताच. कातड्याचा अंगरखा बैठकीच्या कडेला घट्ट बांधून ते होडीशी एकरूप होत आणि उलटल्यास वल्ह्याच्या, हाताच्या किंवा शिकारीच्या अवजाराच्या फटक्याने पुन्हा सरळ होत. हे साधले नाही तर सोबतचा शिकारी आपली होडी जवळ आणी आणि पालथा झालेला माणूस तिचा आधार घेऊन वर येई.

युरोपात ही विद्या उशिरा पोहोचली. ऑस्ट्रियाच्या एडी हान्स पावलाटा याने १९२७ मध्ये ग्रीनलंडविषयीच्या लिखाणाच्या आधारे स्वतः प्रयोग करून उलटलेली कयाक सरळ करून दाखविली. त्याच्या पद्धतीला आजही त्याचेच नाव आहे. इंग्रज संशोधक जिनो वॉटकिन्स १९३०-३१ च्या मोहिमेत पूर्व ग्रीनलंडच्या शिकाऱ्यांकडून हे कौशल्य शिकला आणि त्यात निष्णात झाला. तरीही ऑगस्ट १९३२ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, एकटाच शिकारीस गेला असता तो नाहीसा झाला. त्याची कयाक सापडली, तो सापडला नाही. स्वतःला सावरण्याचे कौशल्य कितीही असले तरी ते सोबत्याची जागा घेऊ शकत नाही, हा धडा तेव्हापासून या खेळात सांगितला जातो.

पाण्याखालचे पहिले क्षण

कयाक उलटताच पाण्याखालच्या माणसाने सर्वप्रथम पुढे वाकून छाती होडीच्या पृष्ठभागाजवळ आणावी. यामुळे चेहरा आणि डोके खडकापासून वा तळापासून वाचते आणि शरीर सरळ होण्यासाठी योग्य स्थितीत येते. मागे झुकणे धोक्याचे.

त्यानंतर दोन्ही हात पाण्याबाहेर काढून होडीच्या पालथ्या तळावर जोराने तीन-चार थापा माराव्यात. 'मला मदत हवी आहे, मी अजून आत आहे' असा याचा अर्थ. थापा मारून झाल्यावर दोन्ही हात होडीच्या दोन्ही बाजूंना पाण्याबाहेर ठेवून पुढे-मागे सावकाश फिरवीत राहावे. मदतीला येणारी होडी कोणत्या बाजूने येईल हे आतल्या माणसास दिसत नसते. फिरणाऱ्या हाताला ती लागली, की पकडता येते.

वाट किती पाहावी, हे आधीच ठरवून ठेवलेले असावे. सोबती होडीच्या एक-दोन लांबींच्या आत असेल तरच या पद्धतीचा उपयोग. हाताला काहीच लागले नाही आणि श्वास अपुरा वाटू लागला, तर अधिक न थांबता बाहेर पडावे. त्यासाठी झालरीच्या पुढच्या टोकाला असलेला पट्टा पकडून तो आधी पुढे आणि मग वर ओढावा, हात बैठकीच्या दोन्ही कडांवर ठेवून कंबर मागे रेटावी आणि पँट काढावी तसे पाय होडीतून सोडवावेत. हा पट्टा झालरीखाली दबलेला नाही ना, हे प्रत्येक वेळी निघण्यापूर्वी तपासणे अत्यावश्यक आहे.

नाळेचा आधार

सोबत्याच्या मदतीने सरळ होण्याची ही सर्वांत जुनी व सोपी पद्धत. मदत करणाऱ्याने आपली कयाक उलटलेल्या होडीकडे जवळजवळ काटकोनात न्यावी. आरंभी वेगाने वल्हवावे, पण शेवटचे होडीभर अंतर उरताच वेग कमी करावा. वेगात आलेली नाळ पाण्याबाहेरच्या हातावर आपटल्यास बोटे चेमटतात. नाळ फिरणाऱ्या हाताच्या अगदी जवळ, होडीच्या तळाला हलकेच टेकली पाहिजे.

नाळ हाती लागताच पाण्याखालच्या माणसाने आधी एका हाताने आणि मग दुसऱ्याही हाताने ती पकडावी. येथे नवशिक्यांची हमखास चूक होते. श्वासाच्या ओढीने ते प्रथम डोके वर काढू पाहतात. डोके जड असते. ते आधी वर उचलले, की होडी तेवढ्याच जोराने पुन्हा पालथी होऊ लागते. खरा क्रम याच्या उलट आहे. हातांनी नाळेवर भार द्यावा, डोके हातांजवळ टेकलेले ठेवावे, नाळेकडच्या बाजूचा गुडघा वर दाबून कमरेच्या झटक्याने आधी होडी सरळ करावी, मग धड आणि सर्वांत शेवटी डोके वर आणावे. होडी सरळ झाली म्हणजे माणूस आपोआप वर येतो.

वल्ह्याचा आधार

नाळ काटकोनात आणण्याइतकी जागा किंवा वेळ नसेल, तेव्हा मदत करणाऱ्याने उलटलेल्या होडीला समांतर यावे. दोन होड्यांमध्ये फूट-दीड फूट अंतर ठेवून आपले वल्हे दोन्ही होड्यांवर आडवे टाकावे. मग पालथ्या माणसाचा जवळचा हात धरून तो दोन होड्यांमधल्या वल्ह्याच्या दांड्यावर नेऊन ठेवावा. बहुतेकांना दुसरा हात कोठे न्यावा हे आपोआप कळते. वर येण्याचा क्रम तोच: आधी कंबर, मग धड, शेवटी डोके.

वरून ओढून सरळ करणे

पालथा माणूस थापा मारीत नसेल, हात बाहेर येत नसतील, तर तो बेशुद्ध असण्याची शक्यता गृहीत धरून वागावे. अशा वेळी त्याच्या प्रयत्नांची वाट पाहणे व्यर्थ. मदत करणाऱ्याने आपली कयाक उलटलेल्या होडीला अगदी चिकटवून उभी करावी, तिच्या तळावरून पलीकडे वाकून बैठकीची पलीकडची कड अथवा माणसाचे जीवरक्षक जॅकेट पकडावे आणि ते आपल्याकडे ओढत असताना जवळची कड खाली दाबावी. दोन्ही बल एकाच वेळी लावल्यास होडी फिरते. मदत करणाऱ्याचे पोट पालथ्या होडीवर टेकलेले असल्याने तो स्वतः सहसा उलटत नाही. पूर्ण सरळ करणे जमले नाही तरी तोंड पाण्याबाहेर आले तरी मोठे काम झाले. तेवढ्यात दुसरा सोबती येऊ शकतो.

माणूस होडीबाहेर पडला असेल तर

प्रत्यक्षात बहुतेक नवशिके होडीतून बाहेर पडतात. अशा वेळी पाण्यातील माणसाने दोन गोष्टी सोडू नयेत: आपली होडी आणि आपले वल्हे. होडी तरंगते आणि दुरूनही दिसते. एकट्या माणसाचे डोके लाटांत दिसत नाही.

मदत करणाऱ्याने आधी त्याच्याशी बोलावे. दुखापत आहे का, हे विचारावे आणि काय करायचे ते थोडक्या शब्दांत सांगावे. मग उलटलेल्या होडीचे पुढचे टोक आपल्या होडीवर आडवे, इंग्रजी टी अक्षराप्रमाणे, ओढून घ्यावे. होडी पालथी असतानाच टोक उचलले, की बैठकीतील बहुतेक पाणी ओघळून जाते. पाण्यातील माणूस मागच्या टोकावर भार देऊन यास मदत करू शकतो. पाणी गेल्यावर होडी सरळ करून पुन्हा पाण्यात सोडावी आणि दोन्ही होड्या उलट दिशांना तोंडे करून समांतर आणाव्यात.

आता मदत करणाऱ्याने पुढे झुकून रिकाम्या होडीची बैठक दोन्ही हातांनी घट्ट धरावी. त्याचा भार जितका तिच्यावर, तितक्या दोन्ही होड्या स्थिर. पाण्यातील माणसाने आपल्या होडीच्या मागच्या भागावर पोटावर चढावे, पाय बैठकीत सरकवावे आणि तोंड मदत करणाऱ्याकडे ठेवूनच वळून बसावे. उरलेले पाणी हातपंपाने काढून, झालर बसवून आणि श्वास स्थिरावल्यानंतरच हात सोडावा. येथे घाई केली, की दुसऱ्यांदा उलटणे ठरलेले.

खुल्या कयाकची रीत याहून सोपी आहे. पालथ्या होडीवरून पलीकडची कड अथवा पट्टा पकडून ती आपल्याकडे ओढली, की ती सरळ होते. नंतर पाय पाण्याच्या पृष्ठभागावर मारीत आडवे होऊन पोट होडीवर आणावे, वळून बसावे आणि शेवटी पाय आत घ्यावेत. सोबत्याने पलीकडची बाजू धरून ठेवल्यास थकलेला माणूसही चढू शकतो.

आपल्या खाडीचे पाणी

या पद्धती जगभर सारख्याच. पण नवी मुंबईच्या खाड्यांत त्यांचा उपयोग करताना स्थानिक पाण्याचे ज्ञान हवे. येथील पाणी ग्रीनलंडसारखे गार नाही, म्हणून धोका कमी असा समज करून घेणे चुकीचे. येथला धोका भरती-ओहोटीत आहे.

मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, पाण्याच्या पातळीतील फरक चार मीटरहूनही अधिक असतो. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, तो बराच कमी होतो. भरती-ओहोटीचा सहा तासांचा काळ सारख्या वेगाचा नसतो. पहिल्या तासात थोडेसेच पाणी हलते, तिसऱ्या व चौथ्या तासांत मिळून सुमारे निम्मे पाणी सरकते आणि शेवटी ओघ पुन्हा मंदावतो. वाशी आणि ऐरोली येथील पुलांच्या खांबांमधून हे मधल्या दोन तासांतले पाणी जोराने वाहते. उलटलेली कयाक व माणूस दोन्ही त्या ओघाबरोबर खांबांकडे ओढले जातात.

वेळेचा अंदाज बांधण्याची जुनी रीत कोकणात सर्वपरिचित आहे. तिथीच्या अंकाला तीनाने गुणून चाराने भागले, की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास, तर पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. म्हणजे पौर्णिमेच्या दिवशी दुपारी दोन ते चार हा ओहोटीच्या जोराचा काळ होय. नवशिक्यांनी तो टाळावा. हा अंदाजच असल्याने निघण्यापूर्वी त्या दिवसाचे अधिकृत वेळापत्रक पाहावे आणि कोळीवाड्यातील जाणत्यांना विचारावे.

वाऱ्याचाही विचार हवा. दुपारनंतर समुद्राकडून वारा वाढतो. पनवेल खाडीत ओहोटीचे पाणी पश्चिमेकडे जात असताना समोरून पश्चिमेचा वारा आला, तर आखूड, उभ्या लाटा उठतात. सकाळी आरशासारखे असलेले पाणी चार तासांत ओळखू येईनासे होते.

ओहोटीत उघड्या पडणाऱ्या चिखलात उतरून उभे राहण्याचा प्रयत्न करू नये. पाय गुडघ्यापर्यंत रुततात आणि सुटण्याच्या धडपडीत अधिकच खोल जातात. होडीवर आडवे पडून भार पसरावा आणि भरतीची वाट पाहावी. मासेमारीसाठी रोवलेले खुंट, जाळी आणि खारफुटीच्या फांद्या यांच्या प्रवाहवरच्या बाजूस कधीही थांबू नये, कारण उलटलेला माणूस त्यांत अडकून राहतो. पाण्यात सांडपाणी मिसळत असल्याने ते नाकातोंडात गेल्यास चूळ भरावी, जखमा स्वच्छ धुवाव्यात आणि पुढील दिवसांत ताप आल्यास डॉक्टरांना खाडीच्या पाण्याची माहिती आवर्जून द्यावी.

ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्यास रामसर क्षेत्राचा दर्जा मिळाला. तेथे वनविभागाच्या परवानगीविना होडी नेऊ नये. दक्षिणेकडे न्हावा-शेवा बंदराच्या मोठ्या जहाजांचा मार्ग लागतो. तेथे कयाकला स्थान नाही.

कुंडलिकेचे पाणी आणखी निराळे. मुळशीचे पाणी भिरा येथील जलविद्युत केंद्रातून खाली येते आणि ते सोडल्यावरच कोलाडजवळ नदीला वेग चढतो. वाहत्या नदीत पडलेल्याने उभे न राहता पाठीवर तरंगत पाय प्रवाहाच्या दिशेने वर ठेवावेत. खडकांच्या फटीत पाय अडकला, तर पाण्याचा जोर माणसाला खाली दाबतो.

जॅकेट, शिट्टी आणि दूरध्वनी

१८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीस नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून डझनाहून अधिक जणांना प्राण गमवावे लागले. बुडत्या बोटीत जीवरक्षक जॅकेट शोधून घालण्यास वेळ मिळत नाही, हे त्या दुर्घटनेने पुन्हा दाखवून दिले. कयाकच्या बाबतीत तर उलटण्यास एक क्षण पुरतो. जॅकेट अंगात, पट्टे आवळलेले आणि शिट्टी त्याला बांधलेली असलीच पाहिजे. खांद्याला धरून वर ओढले असता जॅकेट हनुवटीच्या वर सरकत असेल, तर ते सैल आहे असे समजावे. जलरोधक पिशवीतील मोबाइलमध्ये ११२ हा आपत्कालीन आणि १५५४ हा तटरक्षक दलाचा क्रमांक नोंदलेला असावा. कोठे जात आहोत आणि केव्हा परतणार, हे किनाऱ्यावरील एका माणसाला सांगून जावे.

किनाऱ्यावर आणलेला माणूस श्वास घेत नसेल, तर पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. बुडालेल्या माणसाच्या शरीरात प्राणवायूची उणीव असते. म्हणून आधी तोंडाने श्वास द्यावेत आणि नंतर छातीवर ३० दाब व २ श्वास हा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा. श्वास सुरू असलेल्या बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवावे. पाणी छातीत गेलेल्या माणसाला बरे वाटत असले, तरी रुग्णालयात नेणे आवश्यक आहे, कारण त्रास काही तासांनी उद्भवू शकतो.

सरावाला पर्याय नाही

यांपैकी कोणतीही पद्धत केवळ वाचून येत नाही. पहिला सराव पोहण्याच्या तलावात, छातीएवढ्या पाण्यात आणि बाजूला प्रशिक्षक उभा असताना करावा. प्रथम तलावाची कड धरून कमरेचा झटका शिकावा, मग नाळ धरून वर यावे, त्यानंतर होडीतून बाहेर पडण्याचा सराव करावा. बंदिस्त कयाकमध्ये झालर बसवून खुल्या पाण्यात जाण्यापूर्वी बाहेर पडणे अंगवळणी पडलेले असावे. गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत जलसुरक्षेचे रीतसर प्रशिक्षण मिळते. गटाचे नेतृत्व करू इच्छिणाऱ्यांनी असे शिक्षण घेणे हिताचे.

सरावात भूमिका आलटून-पालटून घ्याव्यात. पाण्याखाली थापा मारून वाट पाहण्याचा अनुभव ज्याने घेतला आहे, तोच पुढे सोबत्यापासून दोन होड्यांहून अधिक दूर जात नाही. कोण कोणावर लक्ष ठेवणार, हे निघण्यापूर्वी ठरलेले असले, म्हणजे कयाक उलटल्यावर निर्णयात वेळ जात नाही. वल्हे मारण्याचा वेग आणि कापलेले अंतर यांचे कौतुक सर्वत्र होते. परंतु खाडीत उतरणाऱ्या प्रत्येक गटाने स्वतःला आधी एकच प्रश्न विचारावा: आपल्यापैकी कोणीही उलटले, तर बाकीच्यांपैकी प्रत्येकाला त्याला वर आणता येते का? उत्तर 'होय' असेल, तरच होड्या पाण्यात लोटाव्यात.